डाव्या खांद्याची बंदूक

गजेंद्र शिर्केने नेम धरला, श्वास कोंडला आणि घोडा ओढला. दणका खांद्यात बसला, धूर विरला, आणि समोरचा कागदी माणूस जसाच्या तसा उभा होता. छर्रे त्याच्या डाव्या अंगाने निघून गेले होते. त्यातले दोन-चार शेजारच्या उमेदवाराच्या कागदात शिरले होते. दुसरी नळी झाडली, तेव्हाही तेच झालं.

रेंजवरचे निवृत्त सुभेदार कागदापाशी गेले, बोट फिरवून आले आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"गायकवाड़ी फौज के हो ना? तुम्हारे बाप-दादा वहाँ करते क्या थे? नगाड़ा बजाते थे?"

रांगेतले सगळे खो खो हसले. हसणाऱ्यांत गजेंद्रही होता. न हसून करतो काय? ज्याच्या कागदात छर्रे गेले होते तो पोरगा म्हणाला, "काका, माझे पण मार्क तुम्हीच मिळवून दिलेत ने!" तेव्हा आणखी एक हशा झाला.

सुभेदार माणूस वाईट नव्हता. जाता जाता म्हणाला, "सोमवार को फिर आ जाओ. एक मौका और देता हूँ. या बंदूक ठीक करा लो, या आँख."

आँख म्हटल्याबरोबर गजेंद्रने तोंड फिरवलं. सकाळपासून तो सगळ्यांशी उजवी बाजू पुढे करूनच बोलत होता. डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. नंदेसरीच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली तेजाबाचे कॅन उतरवताना एकाचं बूच उडालं, आणि त्या दिवसापासून त्या डोळ्याला ताकासारखं पांढरं दिसे, बाकी काही नाही. सयाजीगंजातल्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं: आता उजवा एकच आहे, तेजाबाच्या आसपास फिरकू नका, नाहीतर बायकोचा हात धरून चालावं लागेल. ठेकेदार मात्र दर आठवड्याला निरोप धाडायचा, की जागा आहे, केव्हाही ये. महीच्या काठचं शेत म्हणाल तर दर पावसाळ्यात थोडंथोडं कोतरात, नदीकाठच्या घळीत, ढासळत होतं. आता उरलं होतं त्यात तूर पेरावी आणि रोझांनी, नीलगायींनी, खावी.

अशात नव्या नव्या बँका निघू लागल्या होत्या. प्रत्येकीच्या दाराशी बंदूकवाला माणूस लागे, तो रेंजवरचे सुभेदार नेम पाहून निवडून देत, आणि बंदूक त्याची त्यानेच आणायची असे. शिर्क्यांच्या घरात आजोबांपासूनची दुनळी होती, परवाना गजेंद्रच्या नावावर झालेला होता. दिवसभर सावलीत उभं राहायचं. तेजाब नाही, वाफ नाही, उरलेला डोळा शाबूत. एवढं एक काम देवाने त्याच्यासाठीच काढलं असावं असं घरात सगळ्यांना वाटत होतं.

घरी ओट्यावर आबा वाट बघत बसले होते. दत्ताजीराव शिर्के, वय झालेलं, गुडघे गेलेले, पण पागोट्याचा पीळ कायम.

"लागला का रे?"

"नाही आबा."

"एकही?"

"शेजाऱ्याला लागला थोडा."

आबांनी बंदूक मांडीवर घेतली, गवसणी काढली आणि दस्त्यावरून हात फिरवला. "हिच्यात खोट नाही," ते म्हणाले. "तुझा हात हलला असेल."

कांचन आतून पाणी घेऊन आली होती. नवरा तोंड धुताना तिने त्याचा खांदा पाहिला, निळा पडला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं कोतरात उतरली. मातीच्या उंच दरडींमध्ये बार काढला तर कोणाला धोका नव्हता. कांचनने बारदानाला चुना फासून दरडीवर खुंट्यांनी ताणून बसवलं आणि मधोमध कोळशाने ताटाएवढं वर्तुळ काढलं. काडतुसं मोजकी होती, त्यामुळे उगाच बार काढायची सोय नव्हती. चैत्र सरत आला होता. आठ वाजले नाहीत तोच दरडीतून झळ यायला लागली.

गजेंद्रने बार काढला. कांचन पळत गेली. वर्तुळ कोरं होतं. डावीकडे हातभर अंतरावर चुना उडून माती दिसत होती.

"अहो, हात हलला असता तर कधी इकडे, कधी तिकडे गेला असता. हा तर ठरवून डावीकडेच जातो."

"मग काय करू? उजवीकडे नेम धरू?"

"बँकेत चोर आला तर त्याला सांगणार का, बाबा रे, हातभर सरकून उभा राहा?"

गजेंद्रला हसू आलं. मग त्याला वाटलं, दस्ता गालाला नीट टेकत नाही म्हणून असं होत असेल. कांचनने लुगड्याचा तुकडा फाडून दस्त्याला गुंडाळला, वर सुतळी आवळली. दुसरा बार काढला. तो आणखी डावीकडे गेला, बारदानाच्या कडेला. दोघं खाली बसली. घामाने गजेंद्रचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि गालावर लाल वळ उठला होता.

"बंदूक रिकामी आहे ने?" कांचनने विचारलं. "मग धरा माझ्यावर."

"खुळी झालीस का?"

"उघडून दाखवा आधी. दाखवलीत? आता माझ्या डोळ्यावर नेम धरा. मला बघू दे तुम्ही कुठून बघता."

त्याने नळ्या मोडून दाखवल्या, मिटवल्या आणि नाइलाजाने धरली. ती पाच पावलांवर उभी राहून दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीच्या सरळ रेषेत बघू लागली. त्याचा डोळा पट्टीच्या वर दिसायला हवा होता. तो दिसत होता बाजूला, नळीच्या कडेला, दाराआडून कोणी डोकवावं तसा.

"तुम्ही बंदुकीच्या वरून बघतच नाही. बाजूने बघता. तोंड आणा की इकडे."

"येत नाही. दस्ता आड येतो. आणि हा टाक बोचतो."

दस्त्याच्या डाव्या अंगाला लाकडात खोबण करून चांदीचा टाक बसवलेला होता. घोड्यावरचा खंडोबा, शेजारी म्हाळसा. दसऱ्याला बंदुकीची पूजा झाली की शिर्क्यांच्या घरातला कर्ता पुरुष अंगणात हवेत एक बार काढी, आणि त्याच्या गालावर टाकाचा जो वळ उठे, त्याला देवाची छाप म्हणून बायका औक्षण करीत. हवेत काढलेला बार कुठे गेला हे कोण विचारतो? कांचनने स्वतः त्या वळावर कुंकू लावलं होतं. आता ती तो टाक बघत राहिली.

"अहो," ती हळू म्हणाली, "देवावर गाल टेकायला म्हणून कोण टाक बसवील? हा लोकांना दिसावा म्हणून बसवलाय. बंदूक धरणाऱ्याचा गाल पलीकडच्या अंगाला असणार."

गजेंद्रने बंदूक दुसऱ्या खांद्याला लावली. दस्ता गालाशी असा बसला, की जणू मापच घेतलं होतं. डोळा आपोआप पट्टीवर आला. पण तो डावा डोळा होता. त्याला पांढऱ्याशिवाय काहीच दिसलं नाही. त्याने बंदूक खाली घेतली.

दुपारी जेवणं झाल्यावर त्याने आबांना विचारलं. आबा बराच वेळ सुपारी कातरत बसले.

"आमचे वडील डावरे होते," शेवटी ते म्हणाले. "जेवायचे उजव्याने, मुजरा उजव्याने, तलवार उजव्याने. मारून मारून वळण लावलं होतं. बंदूक तेवढी डाव्या खांद्याशिवाय चालेना. सरकारी शिकारखान्यात होते, तिथल्याच कारागिराने दस्ता डावीकडे वाकवून त्यांच्या मापाचा केला. पण घरात बोलायची बंदी. डावऱ्याच्या घरात कोणी पोरगी देत नसे तेव्हा."

"आणि तुम्ही? तुम्ही तर उजवे."

"मी उजवाच."

"मग तुमचे बार?"

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "एक ससा मिळाला होता. तोही कुत्र्याने धरला होता."

जन्मभर ऐकलेली डुकरं, ते कोल्हे, ते अंधारात आवाजावर मारलेलं अस्वल, सगळं एका वाक्यात गेलं. गजेंद्रला बापाचा राग यायला हवा होता. त्याला दयाच आली. हा माणूस पन्नास वर्षं स्वतःला नेमाचा कच्चा समजत आला आणि ते झाकण्यासाठी गोष्टी रचत बसला, आणि खोट होती एका वाकवलेल्या लाकडात.

दांडिया बाजाराच्या मागल्या गल्लीत बंदुका दुरुस्त करणारा मिस्त्री होता. त्याने दस्ता उजेडाकडे धरून एक डोळा मिटला आणि मान हलवली.

"डाबोडी, डावऱ्या माणसाची आहे. सोपं काम आहे, भाई. हा टाक काढायचा, डाव्या गालाचं लाकूड रंध्याने उतरवायचं. तुझा गाल आत येईल, डोळा जागेवर. उद्या घेऊन जा."

"टाक काढायचा?"

"नाहीतर रंधा कशावर मारू? चांदीवर?"

"दुसरा उपाय नाही?"

"आहे ने. गरम तेल पाजून दस्ता मानेपाशी वाकवायचा, डावीकडचा उजवीकडे. पण लाकडू जो ने, किती सुकू छे. तडकलं तर? मी नाही हात लावणार."

गजेंद्रने खोदून खोदून विचारलं, तसं मिस्त्रीने तेल कसं पाजतात, चिंधी कशी गुंडाळतात, सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाला, "जबाबदारी तारी."

घरी टाक काढायची गोष्ट निघाली तसे आबा ओट्यावरून उठलेच. गुडघे विसरून उठले.

"देव उपटून पोट भरायचं? माझ्या डोळ्यांदेखत?"

"मामंजी, टाक देव्हाऱ्यात ठेवू," कांचन म्हणाली. "फेकतोय थोडाच?"

"शिर्क्यांचा देव दस्त्यात आहे. तिथे त्याला बसवलाय. सूनबाई, तू यात पडू नकोस."

"त्यांचा एकच डोळा उरलाय, मामंजी. तुमच्या मुलाचा. ते परत तेजाबात गेले तर—"

"म्हणून तर सांगतो. देवाला दुखवून डोळा राहील का?"

कांचनने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने एक शब्द टाकला असता तर तिने स्वतः चिमट्याने टाक उचकटला असता. पण गजेंद्र जमिनीकडे बघत होता. त्याच्याही मनात होतंच कुठेतरी, की बूच उडालं तेव्हा चेहरा सगळा भाजायचा तो एका डोळ्यावर निभावला, ते कोणाच्या कृपेने?

"वाकवून बघू," तो म्हणाला. "दोन्ही राखून होतं का बघू."

शनिवारची सगळी दुपार त्यात गेली. नळ्या काढून ठेवल्या. दस्त्याचं टोक गोठ्याच्या खांबाला दोराने आवळून बांधलं, आणि मान, जिथे हाताची मूठ बसते तो लाकडाचा बारीक भाग, जुन्या धोतराच्या चिंध्यांनी गुंडाळली. चुलीवर परातीत जवसाचं तेल कडकडलं. कांचन पळीने तेल चिंध्यांवर सोडायची, खाली दुसऱ्या परातीत झेलायची, परत तापवायची, परत सोडायची. बाहेर लू वाहत होती, आत चूल. तिच्या हनुवटीवरून घाम तेलात पडला की तडतडायचं. गजेंद्र दुसऱ्या बाजूच्या दोरात काठी घालून पीळ देत होता. एक पीळ, मग थांबायचं, लाकडाला कान लावायचा.

"बोललं का?"

"नाही. घाल तेल."

तेलाचा थेंब त्याच्या मनगटावर उडाला तरी त्याने काठी सोडली नाही. आबा दारात बसून जप करत होते. उन्हं उतरली तेव्हा मध्ये सरळ ताणून धरलेल्या दोरीवरून दिसलं, की दस्ता सरळ रेषा ओलांडून बोटभर उजवीकडे आला आहे. पीळ तसाच बांधून ठेवला. लाकूड रात्रभर निवू दिलं.

सकाळी चिंध्या सोडल्या तर दस्ता तिथेच राहिला होता. आबांनी टाकाला हळदकुंकू वाहिलं. दस्त्याच्या मानेवर एक केसासारखी रेघ होती. ती आधीपासूनची असेल असं गजेंद्र म्हणाला. कांचनने रेघेवर नख फिरवलं. नख अडकलं नाही.

कोतरात नवं बारदान लावलं होतं. त्याने बंदूक उचलली आणि डोळा आपसूक पट्टीवर आला. नळ्यांच्या टोकाची माशी, नेमाचा तो मणी, काळ्या वर्तुळात जाऊन बसली. बार सुटला. कांचन धावत गेली आणि तिथूनच तिने दोन्ही हात वर केले. वर्तुळाची चाळण झाली होती. कोळशाची रेघ शिल्लक राहिली नव्हती.

"अहो, मधोमध! अगदी मधोमध!"

तिने आनंदाने त्याच्या पाठीत बुक्की मारली. कितीतरी महिन्यांनी ती दोघं मोठ्याने हसत चढ चढली. उरलेली दोन काडतुसं परीक्षेसाठी जपून ठेवली.

सोमवारी रेंजवर मागच्याच पोरांची टोळी होती. "काका आले, आपापले कागद सांभाळा!" असं कोणीतरी ओरडलं. गजेंद्रने कोणाकडे पाहिलं नाही. बंदूक खांद्याला लावली, माशी कागदी माणसाच्या छातीवर नेली, घोडा ओढला. कागदाच्या छातीत भोक पडलं. पलीकडचं आभाळ त्यातून दिसत होतं.

"शाबाश!" सुभेदार ओरडले. "ये हुई ना बात!"

टोळी गप्प झाली. गजेंद्रने बोट मागच्या घोड्यावर नेलं. त्याने तोही ओढला.

दणक्याबरोबर त्याच्या मुठीतच कडकन आवाज झाला. बंदूक हातात वळली, काहीतरी गालावर फाडत गेलं. त्याने खाली पाहिलं तर दस्ता मानेपाशी उभा फाटला होता. नळ्या एका हातात, दस्ता दुसऱ्या हातात, मध्ये पिवळी ताजी ढलपी. अंगठ्याच्या बेचक्यातून रक्त येत होतं. दुसरा बार कुठे गेला ते कोणी बघितलं नाही.

सुभेदारांनी बंदूक हातात घेतली, फाटलेल्या जागेचा वास घेतला. त्यांना कळलं.

"तेल में मोड़ा था?"

"हो साहेब."

"निशाना तो तेरा पक्का है, भाई. मैं लिख के दे सकता हूँ." ते खरंच हळहळले. "लेकिन ये हथियार लेके मैं तुझे दरवाज़े पे कैसे खड़ा करूँ? दूसरी बंदूक है?"

"नाही साहेब."

"आज ही आदमी देना है बैंक को." त्यांनी रांगेकडे पाहिलं आणि त्या काका काका करणाऱ्या पोराला पुढे बोलावलं. पोरगा जाताना गजेंद्रकडे बघू शकला नाही, एवढी मात्र त्याला लाज होती.

मिस्त्री फुटलेले तुकडे जोडून जोडून बघत राहिला. नवा दस्ता घडवावा लागेल, अक्रोडाचं लाकूड बाहेरून मागवावं लागेल, पावसाळ्याच्या आत तर नाहीच. आणि खर्चाचं तो बोलू लागला तसं गजेंद्र म्हणाला, "राहू दे. तुमच्याकडेच ठेवा." परवान्याची नोंद करून, पावती खिशात घालून तो रिकाम्या हाताने सुटला. बसमध्ये हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

आबा ओट्याच्या कडेला येऊन बसले होते. लांबूनच त्यांनी हाक दिली.

"कुठे लागला रे?"

"मधोमध, आबा. छातीत."

"मधोमध!" म्हातारा काठीशिवाय उभा राहिला. मग त्याची नजर मुलाच्या मोकळ्या खांद्यावर गेली, आणि चेहरा असा उजळला, की गजेंद्रला पुढचं बोलताच आलं नाही. "बंदूक ठेवून घेतली का बँकेने? घेणारच. जोखीम असते ने. तिथल्या तिजोरीशेजारीच ठेवत असतील. अहो गंगाबाई! ऐकलंत का? गजेंद्र लागला बँकेत! छातीत मारला, मधोमध! देव जागचा हलवला नाही म्हणून झालं हे!"

शेजारच्या गंगाबाई गुळाचा खडा घेऊन आल्या. आबांनी तो आपल्या हाताने मुलाच्या तोंडात घातला आणि त्यांचे डोळे वाहू लागले. पन्नास वर्षांत शिर्क्यांच्या घरातून एक बार नीट गेला होता, आणि म्हातारा तो आपलाच असल्यासारखा रडत होता. गजेंद्र गूळ चघळत उभा राहिला.

कांचन पाणी घेऊन आली. तिने अंगठ्याच्या बेचक्यातली चिंधी पाहिली, गालावरचा ओरखडा पाहिला, आणि तांब्या त्याच्या हातात देताना फक्त एकदा त्याच्या डोळ्यांत बघितलं, उजव्या डोळ्यात. मग आत जाऊन चुलीपुढे बसली. त्याला वाटलं, ती आता भांडेल, टाकाचं काढेल, निदान रडेल तरी. तिने पीठ मळायला घेतलं. पहाटे लवकर निघावं लागेल, हे तिला न सांगता कळलं होतं.

सकाळी आबांनी पेटी उघडायला लावली. तळाशी त्यांचा जुना खाकी सदरा होता. कांचनने तो तांब्यात निखारे घालून इस्त्री केला. आबांनी कॉलर आपल्या हाताने नीट केली, दोन पावलं मागे सरकून मुलाकडे पाहिलं आणि मुजरा केला. घरातल्या घरात, म्हाताऱ्या माणसाने, पोटच्या पोराला.

"रुबाबात उभा राहा तिथे," ते म्हणाले. "मान वर. आपण कोणाचे आहोत ते दिसलं पाहिजे."

"हो आबा."

कांचनने डबा दिला. दारापर्यंत येऊन ती हळूच म्हणाली, "रुमाल दोन पदरी बांधा. वाऱ्याकडे तोंड करू नका." आणि पदर तोंडाला लावून आत वळली.

फाट्यावर ठेकेदाराचा टेम्पो उभा होता. मागे माणसं दाटीवाटीने बसलेली. गजेंद्रला पाहून ठेकेदाराला आश्चर्य वाटलं नाही.

"आव्यो? चढ लवकर. डोळ्याचे चष्मे अजून आले नाहीत, येतील पुढच्या महिन्यात. तोवर सांभाळून घे, शिर्के."

कोणीतरी सरकून जागा दिली. टेम्पो नंदेसरीच्या दिशेने वळला आणि तो ओळखीचा आंबट वास यायला लागला. गजेंद्रने खाकी सदरा काढला, सुरकुती पडणार नाही अशी घडी केली आणि डब्याच्या पिशवीत वरच्या बाजूला जपून ठेवला. संध्याकाळी घरी जाताना तो स्वच्छ हवा होता.